तडितकुमारने दिलेला शब्द

"तुम्ही दिलेला शब्द खरंच पाळता?"

मुलीने हे विचारलं तेव्हा तडितकुमार एका पायावर उभा राहून चंदेरी रंगवलेला गमबूट ओढत होता. बूट निघत नव्हता. आमचा खेळ नुकताच संपला होता आणि आठवीच्या वर्गात बाकं बाजूला सारून आम्ही दोघं रंग उतरवत होतो. मी, म्हणजे दुष्ट काळराणी, खोबरेल तेलाने भुवया पुसत बसले होते.

तडितकुमारने बूट तसाच पायात ठेवला, मुखवटा परत डोळ्यांवर ओढला आणि छाती पुढे काढली. मुलांसमोर मुखवट्याशिवाय यायचं नाही, असा आमच्या दिग्दर्शकाचा नियम होता. बाकीचे नट तो सोयीने पाळायचे. तडितकुमार झालेला दिगू मात्र शपथ घेतल्यासारखा पाळायचा.

"तडितकुमारचा शब्द आणि आकाशातली वीज माघारी फिरत नाही," तो म्हणाला. हे नाटकातलं वाक्य.

"मग माझं लग्न थांबवा. परवा आहे."

मी तेलाची वाटी खाली ठेवली. मुलगी दारातच उभी होती. दोन वेण्या, लाल रिबिनी, अंगातला गणवेश खांद्यावर उसवलेला. रडत नव्हती. दुकानात मीठ मागावं तसं तिने ते सांगितलं होतं.

"नाव काय तुझं?" मी विचारलं.

"रेणुका. गिरणीवाल्या बळीरामची." तिने उत्तर मला दिलं, पण बघत होती दिगूकडे. "मुलगा तीस वर्षांचा आहे. मला शाळा शिकायची आहे."

"नाही होणार तुझं लग्न," दिगू म्हणाला. आवाज नाटकातला नव्हता. "शब्द देतो."

"घरी सांगू नका पण. कळलं तर आजच उरकतील."

"घाबरू नकोस," दिगू म्हणाला.

एवढ्यात तिच्या वर्गाच्या कदम बाई दारात आल्या. "काय गं रेणुका, इथं काय करतीस? पाव्हण्यांना त्रास नको देऊ." मुलगी वळली आणि गेली. बाई आमच्याकडे बघून हसल्या, "लेकरांना लई वेड लावलंत बघा," म्हणाल्या आणि त्याही घाईने गेल्या.

दिगूने घाबरू नकोस म्हटलं होतं. सांगणार नाही असं म्हटलं नव्हतं. माझ्या ते लगेच लक्षात आलं, कारण मी दिगूला ओळखत होते.

दिगंबर चौसाळकर. वय तिशीच्या आतबाहेर, अंगाने दणकट, डोक्याने माझ्या मते अर्धा. रस्त्यात हवालदाराने आमचा टेम्पो थांबवला आणि कागद बघून सोडून दिला, की हा खिडकीतून मान बाहेर काढून म्हणायचा, "साहेब, आमचा मागचा दिवा बंद आहे." तडितकुमार खोटं बोलत नाही, चोरून काही करत नाही, आणि इशारा दिल्याशिवाय वार करत नाही. प्रत्येक खेळात तो दुसऱ्या प्रवेशात माझ्या गुहेत यायचा आणि गरजायचा, "काळराणी, उद्या सूर्य उगवायच्या आत मुलांना सोड!" मग मला कट करायला अख्खी रात्र मिळायची. नाटककाराची ती सोय होती, नाहीतर दुसरा अंक कुठून आणणार? पण दिगूने ते आयुष्याला लावून घेतलं होतं. आम्ही त्याची टर उडवायचो. तो आमच्याबरोबर हसायचा आणि तसाच राहायचा.

"आपण गुपचूप तालुक्याला फोन करायचा," मी म्हणाले. "अधिकारी परवा ऐन वेळी येतील. बापाला चाहूल लागता कामा नये."

"आधी बापाशी बोलू."

"दिगू, ती काय म्हणाली ऐकलंस ना?"

"ऐकलं. पण हेमाताई, त्या माणसाला कायदा माहीत नसेल. कुणी समजावलं नसेल. पोलीस दारात आल्यावर त्याची गावात काय शोभा होईल? त्या मुलीला पुन्हा त्याच घरात राहायचंय. एकदा समोरासमोर सांगून बघू. माणसं इतकी वाईट नसतात."

"आणि ऐकलं नाही तर?"

"तर उद्या सकाळी तक्रार करणार, असं त्यांना सांगून तक्रार करू."

माझा जीव जळला. बाकीची मंडळी शाळेच्या व्हरांड्यात खिचडीवर बसली होती. त्यांना हाक मारून दिगूला धरून ठेवायला हवं होतं. पण तोवर तो शर्ट चढवून फाटकाबाहेर पडलाही होता, कानामागे निळा रंग तसाच. मी पदर खोचून त्याच्यामागे धावले.

गावाचं नाव सांगत नाही. बालाघाटच्या डोंगराखालचं, बऱ्यापैकी मोठं. गिरणी बाजारपेठेच्या टोकाला होती आणि धडधडत होती. ज्वारीचे डबे घेऊन पाच-सात बाया ओट्यावर बसल्या होत्या. बळीराम आतून आला. भुवया, मिशा, सगळं पिठाने पांढरं. चेहरा सज्जनाचा. मला वाटलं होतं कोणीतरी झुबकेदार मिशांचा दांडगा निघेल.

दिगूने त्याला बाजूला नेऊन सगळं सांगितलं. मुलीचं वय, कायदा, शिक्षा, तब्येत, शाळा. फार चांगलं बोलला. धमकी नाही, उपदेश नाही. मलाही क्षणभर वाटलं, या माणसाला पाझर फुटेल.

बळीरामने शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुमाला हे सांगितलं कुणी?"

"गावात कानावर आलं," मी झटकन म्हणाले. "चहाच्या टपरीवर."

"नाही," दिगू म्हणाला. "रेणुकानेच सांगितलं. तिला शिकायचंय. तुम्ही तिच्यावर रागावू नका, एवढीच विनंती आहे."

मी दिगूच्या पायावर पाय दिला होता. त्याने पाय काढूनही घेतला नाही आणि बोलायचंही थांबवलं नाही.

बळीरामने दोन्ही कान पकडले. "चुकलं सायेब. अडाणी माणसं आमी. स्थळ चांगलं आलं, म्हणलं हातचं जाऊ नये. तुमी देवासारखे आले बघा. मोडलं लग्न. आत्ताच निरोप धाडतो." त्याने एका पोराच्या कानात काही सांगून त्याला पिटाळलं आणि चहा पाजायला आम्हाला अर्धा तास बसवून ठेवलं. दिगूने त्याचे हात हातात घेतले. दिगूच्या तळव्यांना पीठ लागलं आणि तो तसाच हसत बाहेर पडला.

"बघितलंत?" तो म्हणाला. "नुसतं सांगायचं असतं."

मला ते पटलं नव्हतं. बारा वर्षं मी दुष्ट बाईचीच कामं करत आले होते. राक्षसीण, चेटकीण, सावत्र आई. शरण कसं यायचं ते मला चांगलं ठाऊक होतं. खरं शरण येणारा माणूस आधी भांडतो, कुरकुरतो, खर्च झालाय म्हणतो, पाव्हण्यांना काय तोंड दाखवू म्हणतो. या माणसाने एकही अडचण सांगितली नव्हती.

आम्ही कोपऱ्यापर्यंत पोचलो असू, आणि मागची धडधड थांबली.

"गिरणी बंद केली," मी म्हणाले.

"असू दे की."

"दिगू, दळण ओट्यावर आहे. बाया बसल्यात. भरल्या गिऱ्हाइकाला गिरणी कोण बंद करतं?"

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू उतरायला थोडा वेळ लागला. आम्ही मागे पळालो. बाया आपापले डबे उचलून बडबडत निघाल्या होत्या. शटर खाली, कुलूप घातलेलं. घर मागेच होतं, त्यालाही कुलूप. शेजारच्या बाईला विचारलं तर तिने "आमाला काई म्हाईत न्हाई" म्हणून दार लावून घेतलं. शाळेत फोन केला. कदम बाई म्हणाल्या, आताच रेणुकाचा काका येऊन तिला घेऊन गेला, आजी आजारी आहे म्हणे.

दिगू रस्त्याच्या मधोमध उभा होता. त्याचा चेहरा बघवत नव्हता.

"मी सांगितलं तिचं नाव," तो म्हणाला. "मी."

"ते नंतर. आता तोंड बंद ठेवून माझ्यामागे ये. तुला शपथ आहे, एक शब्द बोलशील तर."

नवरीच्या हातात हिरवा चुडा भरल्याशिवाय आपल्याकडे लग्न लागत नाही, मग ते चोरून का असेना. पेठेत कासाराचं एकच दुकान होतं. मी डोक्यावरून पदर घेतला, कपाळावरचा घाम पुसला आणि नवरदेवाची मावशी झाले.

"अहो कासार, बळीरामच्या लेकीला चुडा भरायचा राहिला म्हणून आमची माणसं वाट बघत बसलीत. आमची गाडी चुकली, रस्ता म्हाईत न्हाई. कुणीकडं जायचं?"

"मावशी, आमची मंडळी मगाशीच गेली बांगड्या घिऊन," कासार म्हणाला. "महादेवाच्या माळावर. तुमाला न्यायला कुणी आलं न्हाई व्हय?" मग त्याची नजर दिगूच्या निळ्या कानांवर गेली. "हे पाव्हणे कोण?"

दिगूने तोंड उघडलं.

"माझा भाचा. जन्माचा मुका आहे," मी म्हणाले आणि त्याला दंडाला धरून ओढत बाहेर काढलं. आयुष्यात पहिल्यांदा दिगूने खोटं चालवून घेतलं. नुसतं गप्प राहायलासुद्धा त्याला किती कष्ट पडत होते ते त्याच्या मानेच्या शिरांवरून कळत होतं.

ग्रामपंचायतीत ग्रामसेवक तांबे होते. गाव त्यांना भाऊसाहेब म्हणायचं. असं लग्न थांबवायचा अधिकार कायद्याने त्यांचाच. आमचं ऐकून ते चष्मा पुसत बसले. चष्मा स्वच्छ होता.

"लेखी तक्रार लागंल," ते म्हणाले. "नाव-पत्ता घालून. गावात न्हाई हो असं कोणी देत. उद्या तुमच्यावरच उलटलं तर? इचार करा."

दिगूने विचार केला नाही. उभ्या उभ्या लिहून सही ठोकली. मी तो कागद हातात घेऊन दहा वेळा वाचला असता. भाऊसाहेबांना आता उठणं भाग होतं. त्यांनी पोलीस ठाण्याला फोन लावला आणि नाइलाजाने मोटारसायकल काढली. आम्ही दोघं त्यांच्यामागे दाटीवाटीने बसलो.

माळावर महादेवाचं छोटं देऊळ, पुढे पत्र्याची शेड. तीस-चाळीस माणसं, त्यात पुरुषमंडळीच जास्त. वाजंत्री नाही, मांडव नाही. अक्षता वाटून झाल्या होत्या. अंतरपाट धरायला दोघं उभे होते. आम्हाला बघून भटजींनी पंचांग मिटलं आणि चपला शोधायला लागले.

बळीराम पुढे आला. मिशीचं पीठ झटकलेलं. चेहरा तोच, सज्जनाचा.

"भाऊसाहेब, ही माझी भाची. थोरल्या बहिणीची. एकोणीस पुरं झालंत तिला."

"दाखला?"

"दाखला गावाकडं हाय."

भाऊसाहेबांना तेवढं पुरलं असावं. ते आमच्याकडे वळले, "बघा, म्हणतायत तर..."

"मुलीला विचारा," मी म्हणाले.

पाटावर हिरव्या साडीत ती बसली होती. मुंडावळ्यांआड चेहरा नीट दिसत नव्हता. भाऊसाहेब वाकले. "किती वय गं तुझं, पोरी?"

"एकोणीस."

"ह्यांना ओळखतीस का?"

तिने मान वर केली. डावा गाल सुजला होता, डोळा अर्धा मिटलेला. तिने दिगूकडे सरळ पाहिलं. "न्हाई."

मागून कोणीतरी ओरडलं, "नाटकाच्या नावाखाली पोरी पळवणारे हायत हे!" लगेच चारजण पुढे सरकले. एकाने दिगूची कॉलर धरली, दुसऱ्याने माझा हात पिरगळला. भाऊसाहेब "अरे, अरे" करत मागे सरकत होते. पोलिसांची गाडी अजून दिसत नव्हती. मी खरंच घाबरले. दिगूला अंगात बळ होतं, तो दोघांना सहज लोळवू शकला असता. मला वाटलं, आता याने हात उचलला की संपलंच, आपली हाडंच घरी जातील.

दिगूने हात उचलला नाही. कॉलर सोडवून न घेता, धरणाऱ्यालाच ओढत चार पावलं पुढे गेला आणि पाटासमोर मातीत मांडी घालून बसला.

"रेणुका," तो म्हणाला, "तू सांगितलं होतंस घरी सांगू नका. मी सांगितलं. तुझं नावही मीच सांगितलं. मला वाटलं मी फार चांगलं करतोय. तो मार तुला माझ्यामुळे बसला."

कोणीतरी त्याच्या पाठीत लाथ घातली. तो पुढे कलंडला, पुन्हा सरळ बसला.

"तू मला ओळखत नाहीस म्हणालीस ते बरोबर आहे. आता माझ्यावर विश्वास ठेव असं मी म्हणणार नाही. पण मी इथून उठणार नाही. आज नाही, उद्या नाही. एवढंच माझ्या हातात आहे."

लोक थांबले. मार खाऊन माफी मागणाऱ्या माणसाचं काय करायचं, ते कोणाला सुचेना. दुसरी लाथ उचललेला मनुष्य पाय खाली ठेवून इकडेतिकडे बघायला लागला. मला रडू फुटलं. इतकं मूर्ख आणि इतकं खरं मी स्टेजवर कधी पाहिलं नव्हतं.

मुलगी बापाकडे बघत होती. बळीरामने मान किंचित हलवली, बोलू नको अशी. तिने हातातला हिरवा चुडा मनगटावर मागे सारला.

"आठवी ब," ती म्हणाली.

"काय?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"मी आठवी बमध्ये आहे. एकोणीस न्हाई. तेरावं सरलंय. मला लग्न करायचं न्हाई." मग आवाज चढला. "मला लग्न करायचं न्हाई!"

बळीराम तिच्या अंगावर धावला. दिगू मध्येच बसलेला होता, तो नुसता बसूनच राहिला आणि बळीराम त्याच्यावर अडखळून पडला. त्या गोंधळात बायकांमधून एक हडकुळी बाई पुढे आली. मुलीची आई. कोणाला काही न विचारता तिने मुलीच्या कपाळावरच्या मुंडावळ्या सोडल्या आणि मुठीत धरून ठेवल्या. नवरदेव आणि त्याची माणसं जीपमध्ये चढायला लागली. पोलीस आले तेव्हा अक्षता मातीत सांडलेल्या होत्या आणि भटजी केव्हाच पसार झाले होते.

ठाण्यात जबाब व्हायला संध्याकाळ झाली. रेणुकाला न्यायला मुलींच्या वसतिगृहाच्या बाई जिल्ह्याहून निघाल्या होत्या. मी आणि रेणुका व्हरांड्यातल्या बाकावर बसून होतो. तिला मी भजी आणून दिली होती, ती एका गालाने हळूहळू चावत होती. अंगणात लिंबाखाली दिगू गुडघ्यात डोकं घालून बसला होता. भाऊसाहेब आमच्या बाकाशेजारीच उभे राहून फोनवर कोणाला तरी सगळं रंगवून सांगत होते.

मला तिची माफी मागायची होती. दिगूच्या वतीने.

"तो मनाने वाईट नाही गं," मी म्हणाले. "भोळा आहे. त्याला जगाची रीत कळत नाही. तुला नाटक खरं वाटलं, तू विश्वास टाकलास, आणि त्याने..."

"नाटक कुणाला खरं वाटतंय?" ती म्हणाली. "आठवीत आहे मी. तुमच्या त्या विजा पत्र्याच्या होत्या. मागून दोरी दिसत होती."

"मग त्यालाच का सांगितलंस?"

तिने भजं गिळलं. "त्याला एका पोरीने विचारलं ना खेळ संपल्यावर, की तुम्ही खरंच उडता का? बाकीचे नाटकवाले हो म्हणतात. तो म्हणाला, नाही, मला दोरी बांधतात, आणि ती काचते. समद्या शाळेसमोर." ती थोडं हसली आणि गाल दुखला म्हणून थांबली. "म्हणलं, ह्याच्या पोटात काई राहत न्हाई. ह्याला सांगावं."

"पण त्याने तुझ्या बाबांनाच सांगितलं. केवढा मार बसला तुला."

"बसला." तिने सुजलेल्या गालाला हात लावला. "बाबाला सांगंल असं वाटलं नव्हतं मला. रागच आला त्याचा. पण कुणीतरी मोठ्यांदा बोलायला पायजे होतं."

"अगं, पण गावात दुसरं कोणीच नव्हतं? एखादं शहाणं माणूस?"

"होते की. आधी कदम बाईंना सांगितलं. मग हेडसरांना. आत्याला. ह्या भाऊसाहेबांच्या घरी जाऊन काकूंना सांगितलं, तवा हे आतच जेवत होते." आमच्या शेजारचं फोनवरचं बोलणं थांबलं. तिने आवाज कमी केला नाही. "समदे म्हणाले, बरं केलंस आमाला सांगितलं, आता कुणाजवळ बोलू नको."

तिने उरलेली भजी कागदात नीट बांधली, उठली, आणि लिंबाखाली बसलेल्या दिगूला नेऊन दिली.